ज्याचा टाका त्यानं उसवावा

"म्हातारीचे पाय सुजले की नवा डॉक्टर शोधू नकोस. आधी शेवटची नवी गोळी कोणती ते शोध," असं खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी तिला जिन्यात अडवून सांगितलं, तेव्हा तिच्या कडेवर दात येत असलेली लेक होती, हातात कचऱ्याची बादली होती आणि वर गॅसवर दूध होतं. "हो हो, बघते," म्हणत ती सटकली. नर्सबाईंनी अडतीस वर्षं वॉर्ड सांभाळले होते आणि निवृत्तीनंतर त्या आख्ख्या इमारतीला वॉर्ड समजतात, असं सगळे म्हणायचे. तीही म्हणायची.

घरात तिचं नाव 'तपासनीस' पडलं होतं. लेकीच्या आंघोळीचं पाणी ती कोपर बुडवून दोनदा बघे. कुलूप लावून जिना उतरली की पुन्हा चढून ओढून बघे. बिस्किटाच्या पुड्यावरची तारीख वाचल्याशिवाय पुडा फोडत नसे. नवरा म्हणे, "लग्नाआधी हिनं माझीही तारीख बघितली होती." अशा बाईनं नेमका नर्सबाईंचा तो सल्ला वाऱ्यावर सोडला. आजेसासूबाईंना, म्हणजे माईंना, खुर्चीत बसवून जिना चढवला, त्या दिवशीची ही गोष्ट. त्याला आज चार महिने पुरे होत होते.

आज रविवार होता आणि पाळी बदलायची होती. माई ब्याण्णव वर्षांच्या. मुलं तीन, आणि वर्षाचे महिने बारा. हिशेब सोपा होता. चार महिने मोठ्या काकांकडे, चार इथे तिच्या सासऱ्यांकडे, चार आत्यांकडे. दुपारी आत्या आणि मोठे काका गाडी घेऊन येणार होते. पण या खेपेला गाडी आत्यांच्या घरी जाणार नव्हती. आत्यांनी गावाबाहेरच्या एका वृद्धनिवासात सोमवारपासूनची खाट ठरवली होती. ज्यांना काही कळत नाही, उठता येत नाही, अशांच्या मजल्यावरची. रविवारची रात्र माई काकांकडे काढतील आणि सकाळी तिथून परस्पर जातील, असं फोनवर ठरलं होतं.

तिनं जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर पसरली आणि तिच्यावर माईंच्या सगळ्या गोळ्या एका ओळीत मांडल्या. चौदा. नुकतीच बंद झालेली एक धरून. प्रत्येकीखाली जुनी चिठ्ठी. मग ती बाजूला उभी राहून बघत राहिली. लेकीनं मुठीत पकडलेली मुंगी बघावी तशी.

"झालं का तुझं?" सासऱ्यांनी दारातून विचारलं. पुस्तकबांधणीच्या दुकानातून ते सरळ येत होते. बोटांना खळ वाळून पापुद्रे निघाले होते.

"बाबा, तुम्ही बोलाल ना माझ्या बाजूनं?"

"मी आहेच गं," ते म्हणाले, आणि हात धुवायला जे गेले ते बराच वेळ धूतच राहिले.

सासऱ्यांचं 'आहेच' तिला ठाऊक होतं. मोठ्या भावासमोर ते उभे राहत, पण खांबासारखे. आधाराला चालत, बोलायला नाही.

*

या घरात एक नियम होता आणि तो दुकानातून आला होता. तिघंही भावंडं शाळा सुटली की दुकानात बसून पुस्तकांचे फर्मे, म्हणजे छापील पानांच्या घड्या, शिवत. लहान वयात कोणाचा टाका सैल, कोणाचा वाकडा. मग एकमेकांचे टाके उसवणं, त्यावरून रडारड, हाणामारी. शेवटी त्यांच्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, भिंतीवर खडूनं लिहून ठेवलं: 'ज्याचा टाका त्यानंच उसवावा.' दुकानाला तीनदा रंग लागला आणि अक्षरं गेली. नियम राहिला. काकांनी घेतलेल्या निर्णयाला आत्या नावं ठेवत नसत, आत्यांनी केलेल्या सोयीत सासरे ढवळाढवळ करत नसत. लोक म्हणत, बघा, तीन भावंडं पण आवाज नाही घरात.

आवाज नव्हता खरा. गोळ्या होत्या.

पावणेतीन वर्षांपूर्वी मोठ्या काकांच्या डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी दिली. माई इथे आल्या तोवर पाय सुजले होते, म्हणून सासऱ्यांच्या डॉक्टरांनी अंगातलं पाणी काढायची गोळी दिली. आत्यांकडे गेल्यावर माई दर अर्ध्या तासानं लघवीला उठू लागल्या, म्हणून त्यांच्या डॉक्टरांनी ती धरून ठेवायची गोळी दिली. त्या गोळीनं तोंड कोरडं, पोट घट्ट आणि डोकं भ्रमिष्ट. काकांच्या डॉक्टरांनी पोटाला एक दिली आणि रात्रीच्या बडबडीवर झोपेची एक. पुन्हा इथे आल्यावर चक्कर, चक्करची एक. त्या गोळीनं अंग लाकडासारखं ताठलं आणि हात थरथरायला लागले. आत्यांकडे थरथरीची एक. थरथरीच्या गोळीनं भिंतीवर माणसं दिसू लागली. काकांकडे भासांची एक. शिवाय पित्ताची एकच गोळी दोन वेगळ्या नावांनी, दोन डॉक्टरांकडून. गुडघ्याची, रक्त पातळ करायची, हाडांची, ताकदीची.

कोणीही काही काढलं नव्हतं. दुसऱ्याचा टाका कोण उसवणार?

आणि हे तिला कळलं ते लेकीच्या तापामुळे. बालरोगतज्ज्ञांनी औषध लिहिण्याआधी लेकीला तराजूत ठेवलं. "किलोमागे इतकं," म्हणाले, आणि ड्रॉपरवर पेनानं रेघ मारून दिली. दुपारी एका हातात तो रेघेचा ड्रॉपर आणि दुसऱ्या हातात माईंच्या गोळ्यांची वाटी, अशी ती स्वयंपाकघरात उभी होती, आणि एकदम तिच्या मनात आलं, यांचं वजन कोणी केलंय का कधी? सासरे माईंना उचलून न्हाणीघरातल्या काट्यावर उभे राहिले, मग एकटे. वजाबाकी करून छत्तीस किलो आले. छत्तीस किलोंची बाई, आणि वाटीत पंच्याहत्तर किलोंच्या पुरुषाला पुरतील एवढ्या गोळ्या. आत लेकीच्या वयाच्या ऐंशी पट जुनं हृदय, आणि ते हे सगळं दिवसातून तीनदा गिळून, वाटून, गाळून पुन्हा सकाळी चालूच. तिच्या अंगावर काटा आला. भीतीनं आला तसा आणखीही कशानं तरी. एखाद्या पुलावरून आपण रोज जातो आणि एक दिवस खाली उतरून बघावं, तर तो एकाच दगडावर उभा असावा, तसं काहीसं.

ती तशीच खाली गेली. नर्सबाईंनी 'मी सांगितलं होतं' असं म्हटलं नाही. चप्पल घातली आणि तिला घेऊन रुग्णालयात वृद्धांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. शेवटची खोली, बाहेर तीन खुर्च्या. डॉक्टरीणबाईंनी पिशवी टेबलावर उपडी करायला लावली आणि म्हणाल्या, "एकेकीची गोष्ट सांगा. कोणी दिली, केव्हा, कशासाठी."

सव्वा तास लागला. शेवटी बाई गोळ्यांकडे बघत म्हणाल्या, "यातली एकेक गोळी शहाणी आहे. देणारा प्रत्येक डॉक्टरही शहाणा. एकत्र बसवल्या की मात्र..."

"आमच्या घरासारखंच," ती पटकन बोलून गेली, आणि नर्सबाई खोकला आल्यासारखं हसल्या.

बाईंचं म्हणणं साधं होतं. आपल्या मनानं एकही गोळी बंद करायची नाही; काही अशा असतात की अचानक सोडल्या तर उलटतात. एका वेळी एक, हळूहळू कमी करत, प्रत्येक पायरीला त्या तपासणार. आणि त्यासाठी किमान सहा महिने एकच घर, एकच डॉक्टर, डब्यावर एकच हात.

पाच आठवड्यांपूर्वी चक्करच्या गोळीपासून सुरुवात झाली. ती सासऱ्यांच्या डॉक्टरांची होती, त्यामुळे सासऱ्यांना ती काढायचा हक्क होता. बाकीच्या तेरांपैकी बहुतेक काकांच्या नाहीतर आत्यांच्या डॉक्टरांच्या होत्या, म्हणून तशाच चालू होत्या.

*

"हे काय, दुकान मांडलंस?" आत्या आत आल्या त्या हेच म्हणत. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, तरी त्या खोलीत शिरल्या की माणसं अजून सरळ बसत. मागून मोठे काका, हातात माईंसाठी घेतलेली नवी बॅग. काका जमीन मोजणी खात्यात होते. खुर्चीत बसण्याआधी ते भिंतीपासूनचं अंतर डोळ्यांनी मोजत.

माई खिडकीजवळच्या खुर्चीत झोपल्या होत्या. हनुवटी छातीवर. मांडीवर दुमडलेला रुमाल. नेमक्या आज.

"बघ," आत्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "तू फोनवर म्हणालीस सुधारणा आहे. ही सुधारणा?"

"सकाळी जाग्या होत्या, आत्या. चमच्यानं स्वतः खाल्लं."

"ठीक आहे. आता तिची सकाळ आपल्या वेळेला होईल असं थोडंच आहे."

तिनं चहा ठेवला नाही. ठेवला असता तर टेबल मोकळं करावं लागलं असतं. ती ओळीच्या एका टोकाला उभी राहिली आणि शिकून आल्यासारखी बोलत गेली: ही आली म्हणून ती, ती आली म्हणून ती. लेक टेबलाचा पाय धरून उभी राहत होती, धप्पकन बसत होती, पुन्हा उभी राहत होती.

"म्हणजे माझ्या डॉक्टरांनी चूक केली?" काका म्हणाले.

"नाही काका. त्यांनी तुमच्या चिठ्ठीवर काय लिहिलंय बघा. 'दोन महिन्यांनी पुन्हा दाखवणे.'"

"दोन महिन्यांनी ती माझ्याकडे नव्हती."

"माझ्याही चिठ्ठीवर आहे तसं," सासरे म्हणाले. त्यांचा आवाज आल्यावर सगळ्यांनी वळून बघितलं. "'सहा आठवड्यांनी.' तोवर ती ताईकडे गेली होती."

आत्यांनी चष्मा लावून आपली चिठ्ठी उचलली. वाचली. तारीख मोठ्या भावाच्या पाळीतली होती. एकेक चिठ्ठी हातोहात फिरली. पावणेतीन वर्षांत पुन्हा दाखवायची एकही तारीख ज्याच्या त्याच्या घरी आली नव्हती. प्रत्येकानं चार महिने काटेकोर सांभाळले होते आणि प्रत्येकाची तारीख दुसऱ्याच्या दारात जाऊन पडली होती. मोजणीवाले काका चिठ्ठ्या सरळ रेषेत लावत राहिले, जणू रेषा नीट आली तर उत्तर निघेल.

"बरं, समजा," आत्या म्हणाल्या. "समजा तू म्हणतेस ते खरं. पण सहा महिने तुझ्याकडे? कडेवर पोर, नवऱ्याची फिरतीची नोकरी. उद्या गोळी काढल्यावर काही झालं, तर जबाबदार कोण?"

"मी."

"तू!" आत्या उठल्या. "कानामागून आली नि तिखट झाली! मी तिची मुलगी. गेल्या पाळीत मी काय काय केलंय, माहितीये तुला? दिवसातून सहा वेळा चादर. तिला उचलताना माझी पाठ गेली. भिंतीवरच्या माणसांना ती नावं घेऊन हाका मारायची, आणि मला 'ओ बाई' म्हणायची. मला! त्या खाटेसाठी मी नाव नोंदवून आले, तेव्हा घरी येऊन दार लावून रडले. आणि ही सांगते, सगळं गोळ्यांनी झालं. म्हणजे मी भरवलेल्या गोळ्यांनी!"

तपासनीस मान खाली घालून उभी होती. आत्यांच्या बोलण्यात टोमणा होता, पण त्याच्या तळाशी काय होतं ते तिला दिसलं, आणि दिसल्यावर तिची वाद घालण्याची सगळी तयारी विरघळली. लेकीला एकदा चुकून दुप्पट थेंब पाजले होते तेव्हा ती स्वतः अशीच ओरडली होती, नवऱ्यावर.

"ताई," सासरे हळूच म्हणाले, "मी माझा उसवला. चक्करचा. काही झालं नाही."

"तू तुझा उसव. माझ्या डॉक्टरांच्या टाक्याला हात लावायचा नाही. दादा, तू बोल."

काकांनी घसा साफ केला. "नियम म्हटला तर... ताईचं बरोबर आहे. पण चिठ्ठ्यांचं म्हटलं तर..." आणि दोन हद्दींच्या मध्ये खुंटी ठोकायची जागा न सापडल्यासारखे थांबले. मग म्हणाले, "गाडी चार वाजेपर्यंतच आहे."

साडेतीन झाले होते.

"ही कोण?"

आवाज इतका खरखरीत होता की आधी वाटलं, दार वाजलं. माईंचे डोळे उघडे होते. लेक रांगत त्यांच्या खुर्चीपर्यंत गेली होती आणि रुमालाचं टोक तोंडात घालून त्यांच्या गुडघ्याला धरून उभी होती.

आत्यांनी तोंडावर हात ठेवला. "संपलं," त्या म्हणाल्या. "पणतीलाही ओळखत नाही. काय राहिलं आता?" त्यांचे डोळे भरून आले आणि त्या बॅगेकडे वळल्या.

तपासनिसालाही क्षणभर तसंच वाटलं. एवढा आटापिटा केला आणि हे! मग तिच्या लक्षात आलं की गेल्या चार महिन्यांत माईंनी एकही प्रश्न विचारला नव्हता. 'हं' होतं, कण्हणं होतं, भिंतीशी बोलणं होतं. प्रश्न नव्हता. आणि मग दुसरी गोष्ट लक्षात आली. लेक जन्मली तेव्हा माई याच घरात होत्या. पण तेव्हाच त्या अर्ध्या धुक्यात गेलेल्या. पाचव्या दिवशी बाळ मांडीवर दिलं होतं. फोटो आहे. हात थरथरले म्हणून लगेच काढून घेतलं, आणि फोटोत माई बाळाकडे नाही, कुठेतरी पडद्याच्या पलीकडे बघतायत. विसरायला आधी भेट व्हावी लागते. या दोघींची भेटच झाली नव्हती.

"आत्या, थांबा," ती म्हणाली. "त्या विसरल्या नाहीत. त्या विचारतायत."

ती खुर्चीशी गुडघ्यांवर बसली. "माई, ही माझी लेक. तुमच्या नातवाची मुलगी."

माईंनी जीभ ओठांवरून फिरवली. तोंड अजून कोरडंच होतं. ती गोळी चालू होती ना. "केवढी झाली?"

"पंधरा महिन्यांची."

"पंधरा?" माई बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. मुलाकडे, मुलीकडे, धाकट्याकडे. अगदी सावकाश, दिवा घेऊन खोल्या बघाव्यात तशा. "मग इतके दिवस मी होते कुठे?"

उत्तर टेबलावर होतं, चौदा तुकड्यांत, पण ते उचलून हातात द्यायचं धाडस कोणाला झालं नाही. काका उभे राहिले आणि पुन्हा बसले. पुढे कित्येक दिवस तिला तो प्रश्न भांडी घासताना, केस विंचरताना ऐकू येत राहिला. एखादं माणूस आपल्या देखत, आपल्या घरात, आपण भरवत असताना कुठेतरी निघून जातं. आणि रस्ता सापडला तर तिथून परतही येतं, ब्याण्णवाव्या वर्षी, पायीच.

लेकीनं तोंडातला रुमाल काढला आणि ओलं टोक माईंपुढे धरलं. माईंनी ते दोन बोटांच्या चिमटीत घेतलं. बोटं किंचित हलत होती, पण सुटलं नाही.

"माई," आत्या खुर्चीजवळ आल्या. आवाज एकदम लहान मुलीचा झाला होता. "मी कोण?"

"तू कोण म्हणजे? डोकं फिरलं का तुझं?" माई म्हणाल्या. "मघापासून तूच ओरडत होतीस ना? कुणाचा टाका म्हणत होतीस?"

आत्या हसल्या की रडल्या ते कळलं नाही. सासरेच बोलले. "नियमाचं चाललं होतं, माई. ज्याचा टाका त्यानंच उसवावा."

माईंच्या कपाळाला आठी पडली. शब्द गोळा करायला वेळ लागत होता. मध्येच वाट चुकून त्या खिडकीकडे बघत, मग परत येत. "तुमचे टाके," त्या म्हणाल्या, "तुमच्या टाक्यांनी पुस्तकं टिकली असती होय रे? गिऱ्हाइकाची पुस्तकं ती. तुम्ही शाळेत गेलात की मी... सगळे उसवून पुन्हा घालायची."

"सगळे?" बहात्तर वर्षांचे काका म्हणाले.

"तुझे आधी."

"आणि अप्पांना माहीत होतं हे?"

"त्यांचेसुद्धा," माई म्हणाल्या, आणि डोळे मिटले.

आधी सासरे हसले. खांब हसला. मग काका, खांदे हलवत, आवाज न करता, आणि आत्या पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "सहावीत मला शिवणकामाबद्दल घरात बक्षीस मिळालं होतं. पेन!" या भावंडांनी साठ वर्षं ज्या नियमाला देव्हाऱ्यात बसवलं, त्याच्या पाठीमागे एक बाई रोज सकाळी बसून सगळ्यांचे टाके उसवत होती, पुन्हा घालत होती आणि श्रेय ज्याचं त्याला देत होती. तपासनीस त्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत राहिली. छत्तीस किलोंत हे सगळं कुठे ठेवलं होतं?

चार वाजता खाली हॉर्न वाजला. काका खिडकीशी गेले. "थांब म्हणावं की जा म्हणावं?" त्यांनी विचारलं, आणि पहिल्यांदाच हा प्रश्न बहिणीला न विचारता तपासनिसाला विचारला.

उत्तर आत्यांनी दिलं. त्यांनी फोन काढला, निवासाला लावला आणि शाळेच्या कार्यालयातला आवाज काढून सांगितलं, "सोमवारची खाट दुसऱ्या कुणाला द्या. हो. विचार करूनच सांगतेय." फोन ठेवून त्या हिच्याकडे वळल्या. "सहा महिने. दर गुरुवारी आणि रविवारी मी येणार, तू झोपायचंस. आणि माझ्या डॉक्टरांच्या ज्या गोळ्या आहेत, त्या उसवायच्या की नाही ते मी स्वतः त्या बाईंच्या तोंडून ऐकणार. तू बरोबर चल. मला एकटीला भीती वाटते."

"मलाही वाटते, आत्या."

"तुला काय, तुला वाफाळत्या चहाचीही वाटते," आत्या म्हणाल्या. "ठेव आता चहा. आणि या चौदाजणींना आधी डब्यात घाल, पोर हात घालेल."

*

सगळं सुरळीत झालं असं नाही. रक्तदाबाची गोळी बदलली तेव्हा एका सकाळी आकडा इतका चढला, की ती अनवाणी नर्सबाईंच्या दारात जाऊन उभी राहिली. मग दुसरी गोळी, अर्ध्या मात्रेत, सुरू करावी लागली. झोपेची गोळी कमी करताना तीन आठवडे माईंसकट कोणी धड झोपलं नाही. रक्त पातळ करायची काढायचीच नाही, असं डॉक्टरीणबाईंनी ठणकावलं. चौदावरून सहावर यायला साडेपाच महिने लागले. माई तरुण झाल्या नाहीत. अजून वार विसरतात, तेच तेच विचारतात. पण विचारतात. काठी घेऊन न्हाणीघरापर्यंत जातात. शहाणपण परत आलं तसा खवटपणाही परत आला. चहा पाणचट आहे हे त्या सोसायटीला ऐकू जाईल असं सांगतात. आणि लेक त्यांच्याकडे धावत जाते तेव्हा दोन्ही हात पुढे करतात. तो क्षण आला, की हिच्या हातातलं काम अजूनही थांबतं.

म्हातारपण म्हणून सगळ्यांनी ज्याच्यापुढे हात टेकले होते, त्यातलं म्हातारपण किती होतं आणि गोळ्यांच्या डब्यातलं किती? हे तिला आता भेटेल त्याला विचारावंसं वाटतं. ही गोष्ट वाचणाऱ्यालाही. पण त्याआधी एक काम आहे.

परवा शेवटच्या तपासणीला गेली तेव्हा बाहेरच्या तीन खुर्च्यांपैकी एकीवर एक आजोबा होते. उंच, पाठीत वाकलेले, एक मोजा निळा आणि एक तपकिरी. पाय सुजून चपलेच्या पट्ट्यांवरून ओघळलेले. मांडीवर औषधांची भरलेली पिशवी, आणि तिच्यावर अंगठा नि तर्जनी एकमेकांवर चोळत राहिलेला हात. त्यांचा नंबर पुकारला गेला, दोनदा, आणि ते उठले नाहीत. तिनं खांद्याला हात लावला तेव्हा म्हणाले, सोबत कोणी नाही, मुलगी परगावी असते, फोन करते, आणि मी तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट बंद आहे. तिच्या एका हाताला माई होत्या, दुसऱ्या हाताला लेक. "थांबा हं, यांना गाडीत बसवून आलेच," ती म्हणाली. परत आली तेव्हा खुर्ची रिकामी होती. आत विचारलं, ते आत आलेच नव्हते. पुकारला होता तो नुसता नंबर; नाव तिनं विचारलंच नव्हतं.

ती दोन दिवस आसपासचे जिने चढून आली. सापडले नाहीत. तुमच्या इमारतीत, नाहीतर समोरच्या, लिफ्ट बंद असेल आणि तिसऱ्या मजल्यावर असं कोणी राहत असेल, तर आज जरा वर जाऊन या. दार उघडायला त्यांना वेळ लागेल. थांबा.